‘पळाला’ या क्रियापदाचा कर्ता

मुंबईहून पुणे-नगरमार्गे औरंगाबादला जाणारा रस्ता नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातून जातो. जानेवारी २००३मध्ये पारनेरच्या पोलीस ठाण्यात एक फिर्याद नोंदवली गेली. तिचा सारांश असा: मुंबईचे पोलीस एका आरोपीला तपासासाठी औरंगाबादकडे नेत होते, वाटेत जीप दरीत गेली आणि आरोपी पळाला. आरोपीचं नाव ख्वाजा युनुस. वय २७, परभणीचा, दुबईत नोकरी करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. २ डिसेंबर २००२च्या घाटकोपर बसस्फोटाच्या तपासात त्याला २५ डिसेंबरला अटक झाली होती. त्या जानेवारीनंतर तो घरच्यांना दिसला नाही. मृतदेहही मिळाला नाही.

तो माझ्याच वयाचा आणि माझ्याच धंद्यातला होता, म्हणून हे प्रकरण मी वाचायला घेतलं. पण इथे मला फिर्यादीतल्या त्या गोष्टीबद्दल, एक गोष्ट म्हणूनच लिहायचंय. पोलिसी गद्य आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. समीक्षा मात्र त्याच्या वाट्याला येत नाही.

आधी निवेदक पाहू. आमच्याकडे सिस्टीम बंद पडली की सगळे लॉग बघतात. पण तो लॉग कुणी लिहिला आणि त्यात बदल करायची परवानगी कुणाला होती, हा प्रश्न त्याआधीचा. इथे आरोपी, गाडी आणि घडलं काय हे सांगण्याचा अधिकार, तिन्ही एकाच हातात होतं. ज्याच्याबद्दल ही गोष्ट आहे, तो ती खोडायला हजर नाही. कायद्यालाही ही अडचण माहीत आहे. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०६ सांगतं, की जी वस्तुस्थिती विशेषकरून एखाद्यालाच ठाऊक असते, ती शाबीत करण्याचा भार त्याच्यावर.

मग क्रियापद. ‘पळाला’ या वाक्यात कर्ता एकटाच असतो. ज्याला स्वतःच्या मर्जीने खोलीबाहेरही पडता येत नव्हतं, त्याला हे वाक्य एकदम सगळ्या घटनेचा कर्ता करून टाकतं. शिवाय ते गुपचूप निकालही देतं: निर्दोष माणूस कशाला पळेल? २००५मध्ये घाटकोपर खटल्यातले इतर आरोपी निर्दोष सुटले. युनुसला तो निकाल ऐकता आला नाही.

या गोष्टीवर विश्वास न ठेवणारे वाचक त्याच्या घरातच होते. कुटुंब उच्च न्यायालयात गेलं, तपास सीआयडीकडे आला. पळून जाण्याची कथा बनाव आहे आणि युनुसचा मृत्यू कोठडीत झाला, असा सीआयडीचा निष्कर्ष निघाला. ते खरं असेल, तर तो पारनेरपर्यंत जिवंत पोचलाच नव्हता. त्याला मारहाण होताना आणि रक्ताची उलटी होताना पाहिल्याचं एका सहआरोपीने न्यायालयात सांगितलं. सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला, सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती चौघांपुरती. २०१२मध्ये उच्च न्यायालयाने आईला एकूण २० लाखांची भरपाई देवविली. आरोप मात्र अजून शाबीत व्हायचे आहेत.

यावर कुणी कथा-कादंबरी लिहिली, तर ती कशी असावी? मला शाजी करुण यांचा १९८८चा मल्याळम चित्रपट ‘पिरवी’ आठवतो. त्यामागे केरळमधल्या राजनच्या प्रकरणाची सावली आहे. हा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी १९७६मध्ये, आणीबाणीत, पोलिसांनी उचलला आणि परत आला नाही. त्याचाही मृतदेह मिळाला नाही. चित्रपटातला म्हातारा बाप रोज बसथांब्यावर येऊन मुलाची वाट बघतो. ‘बेपत्ता’ या शब्दाचं ओझं घरावर कसं पडतं, ते यापेक्षा नीट दाखवलेलं मी पाहिलेलं नाही. तरीही माझी एक तक्रार आहे. त्यातला पाऊस आणि नदी इतकी सुंदर आहेत की मुलगा जणू निसर्गातच विरघळला असं वाटू लागतं. ‘नाहीसा केला’चं ‘नाहीसा झाला’ होतं. तेच काम पारनेरची फिर्याद रुक्ष भाषेत करते.

फिर्यादीत निदान तारीख, ठिकाण आणि गाडी असते. म्हणून ती खोटी ठरवता येते. विलापिका खोटी ठरवता येत नाही, आणि तिच्यापुढे कुणाला उत्तरही द्यावं लागत नाही.

म्हणून मला राजनचे वडील ईचर वारियर यांच्या आठवणींचं पुस्तक चित्रपटापेक्षा मोठं वाटतं. ते हिंदीचे प्राध्यापक होते. मुलाच्या शोधात आपण कुणाच्या दारात गेलो आणि तिथे काय ऐकावं लागलं, हे ते नावानिशी सांगतात. दुःख त्यात आहेच, पण त्या दुःखाने वाक्यातला कर्ता पुसलेला नाही. युनुसबद्दल जो कुणी मराठीत लिहील, त्याने प्रतिमा नंतर शोधाव्यात. आधी २५ डिसेंबर ते ७ जानेवारी हे चौदा दिवस एकेक करून मांडावेत, आणि प्रत्येक दिवसाच्या क्रियापदाला कर्ता द्यावा.