तळावर वाळू अंथरण्याची कला

काशीला गंगा उत्तरेकडे वळते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला घाट, समोर आतल्या अंगाला रेतीचा विस्तार. तिथे नीट पाहावे. वरचे पाणी घाटांकडे लोटले जाते, तेव्हा तळचा प्रवाह तिरका सरकत वाळू समोरच्या काठाला नेतो. वेग मंदावतो, तशी आधी जाड वाळू बसते, मागून बारीक. चाळणीशिवाय केलेली ही निवड किती नेमकी!

विषारी गाळ स्वच्छ वाळूखाली झाकणारे अभियंते हाच मंदपणा साधतात. अमेरिकेतल्या ईगल हार्बरचा तळ लाकूड टिकवण्याच्या क्रिओसोटने माखला होता. १९९३-९४ मध्ये लष्करी अभियंत्यांनी स्नोहोमिश नदीतून उपसलेली वाळू तिथे सुमारे ५४ एकरांवर पसरली. काही ठिकाणी बार्जचा तळ हळूहळू उघडत ती पुढे ओढत नेली, तर काही ठिकाणी डेकवरची वाळू पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन सोडली. ढीग कोसळण्याऐवजी कण सुटे होऊन उतरावेत, यासाठी केवढी ही हळुवार योजना!

या हळुवारपणाला कारण आहे. तळचा गाळ कवडी दह्यासारखा असतो: एकदम भार पडला की बाजूंनी उसळून वर येतो. पातळ थरांनी भार वाढवला, तर कणांमधले पाणी निघून जाते आणि गाळ घट्ट होतो. काशीत बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधलेला भव्य घाट स्वतःच्याच भाराने खचला. मऊ जमिनीला अवजड भार सोसत नाही. म्हणूनच, जो भार गाळाला बुडवू शकतो त्याच भाराने त्याला बळकट करणे मला या कलेतले सर्वांत देखणे कौशल्य वाटते.

आता थराची जाडी वाचावी. वरच्या काही सेंटिमीटरांत किडे आणि शिंपले बिळे करतात. तेवढा भाग त्यांना देऊन खालचा भाग अबाधित राखायचा. शिवाय दाबाने निघालेले पाणी विष घेऊन वर येते. म्हणून अमेरिकेतल्याच ओनोंडागा सरोवरात वाळूत सक्रिय कोळसा मिसळला आणि लाटांपासून रक्षणासाठी गरजेप्रमाणे वर खडी पसरली. एकाच आवरणात गाळणी, घर आणि चिलखत!

पण मर्मज्ञाची खरी परीक्षा जागा निवडण्यात होते. काशीत समोरच्या रेतीत खोदलेला कालवा २०२१च्या पुराने बुजवला. एवढी वाळू हलवणाऱ्या प्रवाहाखाली पातळ आवरण टिकणार नाही. त्यातच अस्सी नाला आणि वरुणा नदी यांतून सांडपाणी येतच राहिले, तर आवरणावर पुन्हा घाण साचेल. म्हणून इथे पहिले काम नाल्यांवरच व्हायला हवे. वाळूची ताकद ओळखणाऱ्याने तिची मर्यादाही तितक्याच आदराने ओळखावी, यातच या कलेची प्रगल्भता आहे.