मोडीत निघालेली चांदी

बारामतीत सराफाच्या पेढीवर जुने तोडे मोडायला आले की आधी काटा बघितला जातो, मग टंच, म्हणजे चांदीचा कस. घडण कोणी बघत नाही. पीळ किती एकसारखा आहे, टोकाची मकरमुखं हाताने कोरलेली आहेत की साच्यातली, सांधा कुठे लपवला आहे, या कशालाच हिशेबात किंमत नाही. मुशीत गेलं की सगळं सारखंच. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या चांदीकामाबद्दल बोलायचं तर सुरुवात या व्यवहारापासून करावी लागते. इथे कारागिरांचे हात थांबले हे खरं, पण त्या हातांनी केलेलं काम मोडीच्या भावाने गेलं, हे नुकसान त्याहून मोठं आहे.

सोनं कमरेच्या वर आणि चांदी कमरेच्या खाली, ही रीत ज्यांच्याकडे सोनं होतं त्यांची. जिरायत पट्ट्यातल्या कुणबी आणि धनगर घरांत चांदीच अंगभर असे. गळ्यात सरी, दंडात वाकी, मनगटात गोठ, पायात तोडे नाही तर वाळे, बोटांत जोडवी, मासोळ्या, विरोल्या. पुरुषाच्या हातात कडं, कमरेला करदोडा, चंचीत साखळी लावलेली चुन्याची डबी. तान्ह्याला बिंदल्या. हे दागिने नाजूक नाहीत. अंगाने जाड, ठसठशीत, नक्षी मोजकी. याला गावठीपणा म्हणून हिणवणाऱ्यांनी सुप्याचा इतिहास आठवावा. आज बारामती तालुक्यात असलेल्या या गावात 12 मे 1875 रोजी सावकारांविरुद्धचा दंगा पेटला, कर्जाची खतं जाळली गेली आणि आसपासच्या गावांत वणवा पसरला. जमीन गहाण पडत होती त्या काळात बाईच्या पायातले तोडे हीच घरची शिल्लक होती. अडीनडीला मोडावं लागणाऱ्या दागिन्यात तारकाम केलं तर मोडताना घडणावळ बुडणार, हे घेणाऱ्याला आणि सोनाराला, दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून इथल्या सोनाराने आपलं सगळं कसब घाटात ओतलं: पिळात, गोलाईत, टोकांच्या वजनात. दुष्काळाच्या धास्तीतून घडलेलं हे सौंदर्यशास्त्र आहे आणि माझ्या मते ते अव्वल दर्जाचं आहे.

या जुन्या चांदीत रंग मात्र फारसा नाही. जगात इतरत्र डोंगरातल्या आणि मेंढपाळांच्या चांदीला तो लाभला. अल्जीरियाच्या जुर्जुरा डोंगरातल्या आथ येन्नी गावांत अमाझिग म्हणजे बर्बर कारागीर चांदीच्या पत्र्यावर बारीक तारेची घरं डागून त्यांत निळा, हिरवा, पिवळा मीना भरतात आणि मध्ये लाल पोवळं बसवतात. आपल्याकडे कांगड्यात गद्दी मेंढपाळांच्या बायका निळ्या-हिरव्या मीन्याची चांदी वापरत आल्या. खरा मीना म्हणजे काच. रंगासाठी कोबाल्ट, तांबं अशा धातूंचे अंश मिसळलेली काच दळून, ओली करून घरांत भरायची आणि भट्टीत वितळवायची. ती साधारण 750 ते 850 अंशांना वितळते आणि शुद्ध चांदी 962 ला. भेसळीची चांदी त्याच्याही आधी पाझरते आणि सांध्याचा कच्चा डाग सर्वांत आधी सुटतो. एवढ्या थोड्या अंतरात काम साधायचं म्हणजे चांदी उंची हवी, डाग पक्का हवा आणि डोळा तयार हवा.

आज बारामती-इंदापूरच्या बाजारात ‘मिना’ म्हणून विकली जाणारी बहुतेक पैंजणं आणि जोडवी या कसोटीला उतरत नाहीत. त्यांवर असतो तो थंड रंग, राळेचा थर. घामाने आणि साबणाने तो मंद होतो, कडेने सुटतो आणि मोडताना जळून तुटीत जातो. दुकानदाराने तो रंग म्हणून विकावा, हरकत नाही. पण मीना म्हणून विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि जयपूर-बनारसच्या भट्टीपुढे बसणाऱ्या माणसाचाही अपमान आहे.

मग गावचा सोनार गेला कुठे? 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने सोनारांचा कणा मोडला. पुढे 1972 च्या दुष्काळाने खेड्यापाड्यांतली चांदी पेढीवर आणली. कालव्याच्या पाण्याने, पुढे उजनी धरणाने ऊस वाढला, तसं उसाच्या बिलाच्या पैशातून घेतलं गेलं ते सोनं. चांदी लग्नातल्या जोडव्या-पैंजणांपुरती उरली आणि तीही तयार येऊ लागली, मुख्यतः हुपरीहून. हातकणंगले तालुक्यातल्या त्या गावाचं कौतुक केलंच पाहिजे. घुंगरू आणि साखळीत त्यांचा हात धरणारे थोडे. तक्रार वेगळीच आहे. तेच पैंजण नाशकात, तेच नांदेडात, तेच इंदापुरात. पायाकडे बघून मुलूख ओळखता यावा, असं त्यात काही राहिलेलं नाही.

एक जागा अजून जिवंत आहे: देव्हाऱ्यात पुजले जाणारे देवाचे टाक. दोन-अडीच इंचांचा पातळ पत्रा ठशावर ठेवायचा, वर शिसं ठेवून ठोकायचं, मग बारीक खिळ्यांनी डोळे, मिशा, घोड्याचा लगाम उठवायचा. घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा, पायांशी कुत्रं. भंडाऱ्याने आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने झिजलेल्या जुन्या टाकांत घोडा अजून धावतो, कारण ठोकणाऱ्याने मान किंचित जास्त वळवलेली असते. हल्लीच्या यंत्रावरच्या टाकांत चेहरे कॅलेंडरवरच्या देवांसारखे गुळगुळीत आणि घोडा जागच्या जागी उभा. तरीही नवा टाक घडवून जेजुरीला भेटवून आणण्याची रीत चालू आहे, म्हणून हाताने ठोकणाऱ्याला अजून थोडं काम मिळतं. या कलेची आशा मला इथेच दिसते.

जर्मन अभ्यासक ग्युंथर सोंथायमर यांनी धनगरांमागे रानोमाळ फिरून त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबांवर 1976 मध्ये जर्मन भाषेत ग्रंथ काढला. त्या ओव्या गाणाऱ्या घरांतल्या चांदीच्या वाट्याला तेवढी आस्था आली नाही. सरकारी नियमांतही तेच: सोन्यावर 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा आहे, चांदीवर तो 2025 मध्येही ऐच्छिकच होता. आणि 2025 मध्ये भाव किलोला दीड लाखाच्या पुढे गेल्यावर उरलेसुरले तोडे, सऱ्याही पेढीच्या वाटेला लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून वाचकांना विनंती आहे. आजीची सरी किंवा तोडे मोडायचेच असतील तर मोडा, गरज कोणाला चुकली आहे? पण आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वजन, गाव, दागिना कोणत्या पिढीतला, घडवणाऱ्या सोनाराचं नाव माहीत असेल तर तेही लिहून गावच्या वाचनालयात द्या. आणि पुढच्या वेळी घरात टाक करायचा असेल तेव्हा हाताने ठोकणारा कारागीर शोधा, त्याच्या घडणावळीत घासाघीस करू नका.