भिंतीवर टांगलेलं बीड: हा नमुना नेमकं काय सांगतो?

अमेरिकेत जुन्या बिडाच्या पॅननी स्वयंपाकघर सजवायची मोठी हौस आहे. बीड म्हणजे कास्ट आयर्न, आपल्या घावनाच्या तव्याचं तेच. फोटो तुम्हीही पाहिले असतील: भिंतीवर ओळीने टांगलेले काळेभोर पॅन आणि सोबत ठरलेला दावा, ‘असं बीड आता बनत नाही.’ दिसायला झकास. पण संशोधनाची तयारी करताय ना? मग ही भिंत जरा नमुनासंच म्हणून वाचा.

संग्राहकांची लाडकी नावं दोन: इरी, पेनसिल्व्हेनिया इथली ग्रिसवोल्ड (१८६५ ते १९५७) आणि सिडनी, ओहायोची वॅग्नर. या पॅनवरून ‘जुनं बीड टिकाऊ’ असं ठरवलं जातं. आता बीड असतं ठिसूळ. फरशीवर पडलं की तडकतं, तापलेलं असताना गार पाणी ओतलं तरी तडकतं. तडकलेले पॅन भंगारात गेले. भिंतीवर आहेत ते उरलेले. पास झालेल्यांनाच विचारून पेपर सोपा होता म्हणण्यासारखं झालं हे. यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात.

गुळगुळीतपणाचा दावा मात्र वेगळा, आणि तो मला पटतो. तेव्हाच्या अनेक कारखान्यांत ओतकामानंतर पॅनचा आतला भाग घासून सपाट करत. आजच्या बऱ्याच स्वस्त पॅनवर वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा तसाच राहतो. इथे कारण सांगता येतं आणि पृष्ठभाग मोजताही येतो. एकाच वाक्यात असे दोन दावे चिकटलेले असतात, ते आधी सुटे करा.

गंमत बघा, पॅन बहुधा पाठ बाहेर करून टांगतात, कारण छाप पाठीवर असतो. ज्या बाजूवर स्वयंपाक झाला ती भिंतीकडे! छापाशेजारचा ८ हा आकडा इंच समजून ओळ लावणारेही आहेत. तो जुन्या चुलीच्या भोकाशी जुळणारा क्रमांक. ८ नंबरचा पॅन वरून साधारण साडेदहा इंच भरतो. एकक न विचारता आकडा वापरला की असं होतं.

छापावरही विसंबू नका. अस्सल पॅनवरूनच साचा काढून नकला ओततात. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा किंचित लहान आणि अक्षरं बोथट. त्यामुळे मोजपट्टी छापापेक्षा जास्त सांगते. (मला या सगळ्या छंदातली हीच गोष्ट सर्वांत आवडते.)

माझा खरा आक्षेप साफसफाईवर आहे. कॉस्टिक सोड्यात बुडवून जुना थर काढायचा, नवं तेल भाजून चकचकीत करायचं. फोटो छान येतो, पण पॅन कशासाठी वापरला होता याच्या खुणाही जातात. अशा काही पॅनमध्ये लोकांनी गोळ्यांसाठी, मासेमारीच्या वजनांसाठी शिसं वितळवलेलं आहे. साफ केल्याने ते दिसेनासं होईल, पण गेलं याची खात्री मिळत नाही. सजावटीतला पॅन उतरवून त्यात अंडं फोडायचा मोह झाला, तर आधी शिशाची चाचणी करा. तरीही शंका राहिली तर तो भिंतीवरच बरा; फक्त खिळा मजबूत ठोका.