जनुकीय भेद आणि बीजांडकोशाचा कर्करोग : एक चिकित्सा

बीजांडकोशाच्या कर्करोगाचे जैवनिदर्शक म्हणून जनुकीय भेदांकडे अलीकडे मोठ्या अपेक्षेने पाहिले जाते. हा रोग बहुधा उदरात पसरल्यावरच ध्यानात येतो. त्यामुळे ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु ‘निदर्शक’ या एका शब्दाखाली दोन भिन्न कल्पना नांदत आहेत. रोग जडण्याची शक्यता सांगणे वेगळे आणि रोग जडला आहे हे सांगणे वेगळे. जन्मजात भेद विसाव्या वर्षी जो असतो, तोच साठाव्या वर्षीही असतो. रोगारंभाची वार्ता तो देऊ शकत नाही.

पहिल्या कामी मात्र काही भेदांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. १९९४ साली ओळख पटलेल्या बीआरसीए-१ या जनुकात हानिकारक भेद असणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत हा रोग होतो, असा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला. याउलट, २००९ साली युरोपीय वंशाच्या स्त्रियांत नवव्या गुणसूत्रावर आढळलेला सर्वसामान्य भेद जोखमीत जेमतेम एक-पंचमांश फरक घडवितो. हजारी दहांऐवजी आठ, एवढाच त्याचा अर्थ. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो खरा; एका स्त्रीपुरता निर्णय घेण्यास मात्र अपुरा.

लहान अभ्यासांतील दोष याहून गंभीर होत. शंभर भेद तपासून ०.०५ ही मर्यादा स्वीकारल्यास, रोगाशी काडीचा संबंध नसतानाही सरासरी पाच भेद ‘अर्थपूर्ण’ ठरतात. वर्धा जिल्ह्यात आणखी एक अडचण संभवते. जातीअंतर्गत विवाहांच्या दीर्घ परंपरेमुळे निरनिराळ्या समाजांत भेदांचे प्रमाण निराळे असू शकते. रुग्ण स्त्रिया मुख्यतः कुणबी आणि तुलनेच्या स्त्रिया मुख्यतः गोंड असल्या, तर रोगाचे म्हणून दिसणारे अंतर वस्तुतः वंशाचे असेल.

सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली खेड्यांची वैद्यकीय गरज डोळ्यांपुढे ठेवून निघाले. तोच निकष येथे लावणे उचित. कच्च्या पुराव्यावर उभारलेली चाचणी एका स्त्रीला अनाठायी शस्त्रक्रियेकडे नेईल, तर दुसरीला खोटा दिलासा देईल. रुग्ण स्त्रीची बीआरसीए तपासणी करावी आणि भेद आढळल्यास तिच्या बहिणी व मुलींना सल्ला द्यावा, हा मार्ग आज सप्रमाण आहे. इतर भेदांना मोठ्या, स्वतंत्र समूहांत पडताळा मिळेपर्यंत त्यांच्यामागील ‘संभाव्य’ हे विशेषण गाळण्याचा अधिकार संशोधकास पोहोचत नाही.