दयेचे नाटक, हक्काचा प्रश्न

धानाची कापणी-मळणी उरकली, मंडई म्हणजे गावची जत्रा भरू लागली, की भंडारा जिल्ह्यातील साकोली, लाखांदूर, पवनीच्या पट्ट्यात नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा येथील मंडळ्या पडदे, पेटी-तबला घेऊन गावोगाव उतरतात. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने लेकी-जावई गावी आलेले असतात, आणि तिकीट काढून बसलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत उठत नाही. अनुदानाची वाट न पाहता प्रेक्षकांच्या पैशावर जगणाऱ्या या झाडीपट्टी रंगभूमीचा गौरव २०२३ साली तिचे कलावंत परशुराम खुणे यांच्या पद्मश्रीने झाला. ज्या कलेवर लोकांचा एवढा जीव आहे, तिला कठोर प्रश्न विचारलाच पाहिजे. स्वतंत्र देशाने दिलेले समतेचे वचन या मंचावर कितपत उतरले?

हा प्रश्न बाहेरून आणलेला नाही. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि इथल्या गावांतील सत्तेचा जुना पाया हलला. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघाने संविधानाच्या शिल्पकाराला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना, पराभूत केले. दोनच वर्षांनी नागपूरच्या धम्मदीक्षेने विदर्भातील अनेक वस्त्यांचे जगणे बदलले. एवढी उलथापालथ ज्या भूमीने पाहिली, तिच्या नाटकांत ती दिसायला हवी.

दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्याच्या जुन्या प्रकारांत तिची चाहूल लागते. शाहीर डफ-तुणतुण्याच्या साथीने थेट लोकांशी बोलतो. शिक्षण, दारू, हुंडा, अंधश्रद्धा हे विषय तो गावच्या बोलीत मांडतो. उणीव एवढीच, की तिथे बाईचे सोंग पुरुषच घेई. पुढे पडद्यांच्या नाटकात अभिनेत्री आल्या, हे खरे परिवर्तन. पण अंकांच्या मध्ये टाळ्यांसाठी लावणी नाचवायची आणि कथेत बाईला सोसणारी बहीण किंवा सून एवढेच ठेवायचे, हे अर्धे परिवर्तन झाले.

पण या पडद्यांच्या नाटकाची मुख्य उणीव संहितेत आहे. जुलमी पाटील-सावकार, नाडलेला गरीब, लुटलेली अब्रू, व्यसनी नवरा हा साचा प्रेक्षकाला खूप रडवतो. मात्र शेवटी खलनायकाला पश्चात्ताप होतो किंवा दैव त्याला शिक्षा करते, आणि गरिबाला न्याय मिळतो तो कुणाच्या तरी दयेने. संविधानाने माणसाला हक्क दिला. हे नाटक त्याला अजून कणवच देते. जातीचे नाव तर ओठांवर येता येता राहते. बोलीचेही तसेच. नायक प्रमाण मराठीत बोलतो, झाडीबोली बहुधा विनोदी गड्याच्या वाट्याला येते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी साकोलीत राहून या बोलीच्या प्रतिष्ठेसाठी आयुष्य वेचले. तिच्यात दुःख आणि विचारही मावतात, हे मंचाने अजून पुरते मानलेले नाही.

विषयांची वाण नाही. विडी वळणाऱ्या बाया आहेत, गोसीखुर्द धरणाने विस्थापित केलेली गावे आहेत, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाण्याचे वाटप आहे. मोहाडी तालुक्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, ते खैरलांजीही भंडारा जिल्ह्यातच आहे. या जखमेकडे पाठ फिरवून कुठलेही नाटक स्वतःला सामाजिक म्हणवू शकत नाही.

प्रेक्षकाला असले नाटक रुचणार नाही, ही सबब मला मान्य नाही. झाडीपट्टीतल्याच चंद्रपूर जिल्ह्यातून आलेले नाटककार प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका जातीवर सरळ बोट ठेवते, आणि तिचे महाराष्ट्रभर प्रयोग झाले. मंडळ्यांनी हंगामातले निदान एक नाटक नव्या लेखकाला द्यावे, त्याला झाडीबोलीत लिहू द्यावे, आणि त्यातल्या बाईला, मजुराला स्वतःच्या हक्काची भाषा बोलू द्यावी. रात्रभर बसून नाटक पाहणारा हा समाज रडायला जितका तयार आहे, तितकाच विचार करायलाही तयार आहे. त्याच्यावर विश्वास ठेवणे ही समतेची पहिली अट आहे, आणि ती नाटककारांनीच पाळायची आहे.