नाच बसवणं आणि नाच शिकवणं

गेली काही वर्षं कार्यक्रमासाठी मुलांचे नाच बसवण्याचं काम माझ्याकडे आहे. तेव्हा पुढे जी टीका येणार आहे तिची पहिली धनी मीच, हे आधीच सांगून टाकते.

मंडळी, आपला शिरस्ता आठवून पाहा. गणपतीच्या दीड महिना आधी गाणं ठरतं. ते बहुधा अलीकडच्या सिनेमातलं असतं, म्हणजे मुलं 'तयार' होतात. शनिवारी शाळेचा हॉल दोन तास भाड्याने घ्यायचा, मी पुढे पाठमोरी उभी राहायचं आणि मागे चौदा मुलं. एक-दोन-तीन-चार, उजवा हात वर, वळा, पुन्हा एकदा. घरी सराव म्हणून व्हिडिओ पाठवायचा. मग कपडे. कपड्यांवर जेवढी चर्चा होते तेवढी नाचावर होत नाही. शेवटी त्या दिवशी साडेतीन मिनिटांत सगळं आटोपतं, टाळ्या पडतात, चित्रफीत पुण्याला-नागपूरला आजी-आजोबांकडे पोचते आणि आपण म्हणतो, छान झालं!

खरंच छान होतं. पण दोन वर्षांपूर्वी कार्यक्रमानंतर वडापाव खात बसलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला मी सहज विचारलं, "तुला नाचातला कुठला भाग सगळ्यात जास्त आवडला?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "जिथे मी विसरले नाही तो."

त्या उत्तराने माझा वडापाव घशात अडकला. दीड महिना मी तिला नाच शिकवला असं समजत होते. प्रत्यक्षात मी तिची परीक्षा घेतली होती आणि ती बिचारी पास झाली म्हणून खुशीत होती.

मराठीत आपण नाच 'बसवतो' म्हणतो. नाटकही बसवतो, घडीही बसवतो. शब्द बरोबर आहे. बसवलेल्या गोष्टीत हलायला जागा नसते. शिकवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात आम्ही बसवणाऱ्या बायका (आणि एक-दोन बाप्ये) फार कमी वेळ घालतो.

सिनेमातल्या नाचावर माझा राग नाही. पण तो कॅमेऱ्यासाठी तुकड्यातुकड्याने रचलेला असतो. तीन सेकंद चेहरा, दोन सेकंद पाय, मग वरून घेतलेलं दृश्य. कॅमेरा जे फिरणं करतो ते मुलं करू शकत नाहीत, म्हणून उरतात त्या रांगेत उभं राहून केलेल्या हातांच्या खुणा. नीट पाहिलंत तर लक्षात येईल की आपल्या बहुतेक नाचांत मुलं दीड फुटाच्या चौकोनाबाहेर जातच नाहीत. पडद्यावरचा डावा हात उजवा समजून केलेला असतो तो गोंधळ वेगळाच. आणि लावणी? लावणी ही मोठ्या बाईची कला आहे. तिच्या शब्दात, नजरेत, खांद्याच्या हालचालीत जे शृंगाराचं वय आहे ते आठ वर्षांच्या मुलीकडे नाही आणि असूही नये. तिला नऊवारी नेसवून तो कटाक्ष पाठ करायला लावायचा आणि आपण कौतुकाने शिट्या मारायच्या, हे मीही केलेलं आहे. आता त्याची चित्रफीत पाहवत नाही.

मग पर्याय काय? आपली मुलं इथल्या प्राथमिक शाळेत नाच करतातच. तिथे तो शारीरिक शिक्षणाच्या तासात येतो. २०१४ पासून लागू असलेल्या इंग्लंडच्या अभ्यासक्रमात त्याला जेमतेम एखादी ओळ मिळाली आहे: लहानांनी साध्या हालचालींच्या रचना करून नाचावं, मोठ्यांनी जरा विविध. पण या ओळीमागे एक मोठा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा आपल्या गावातून जातो.

लेनर्ड एल्महर्स्ट हा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा विद्यार्थी. पुढे तो शेतकी शिकला आणि १९२१ साली रवींद्रनाथांकडे बंगालमध्ये जाऊन त्याने श्रीनिकेतनच्या ग्रामसुधारणेच्या कामाची उभारणी केली. परत आल्यावर १९२५ मध्ये त्याने आणि त्याची बायको डोरोथी हिने डेव्हनमध्ये डार्टिंग्टन हॉल विकत घेतला. शाळा, शेती, कला सगळं एकत्र, अशी ती कल्पना होती. रवींद्रनाथांची सावली तिच्यावर उघड दिसते. जर्मनीतून बाहेर पडावं लागलेला कुर्ट योस आपली नृत्यमंडळी घेऊन तिथेच आला आणि १९३८ मध्ये त्याचा गुरू रुडॉल्फ लाबानही. (युद्धाच्या काळात योसच्या मंडळींचा मुक्काम केंब्रिजला होता. केन्सने १९३६ साली उभारलेल्या आर्ट्स थिएटरात आपण पोरांना ख्रिसमसचा पॅण्टोमाइम दाखवायला जातो, तेव्हा हे कुणाच्या डोक्यातही नसतं.) याच एल्महर्स्ट कुटुंबाच्या पैशाच्या आधाराने उदय शंकर यांचं अल्मोड्याचं केंद्र उभं राहिलं. ते जेमतेम पाच वर्षं चाललं, १९४४ मध्ये बंद पडलं. पण तिथे चालण्यापासून सुरुवात करून स्वतःची हालचाल शोधायला शिकवत. तिथून बाहेर पडलेल्यांत सचिन शंकर आणि शांती बर्धन होते, ज्यांनी पुढे मुंबईत आपापल्या बॅले संस्था काढल्या, आणि गुरुदत्त होता, जो पुढे पुण्याच्या प्रभातमध्ये नृत्यदिग्दर्शक म्हणून आला. म्हणजे 'क्रिएटिव्ह डान्स' हे गोऱ्यांचं खूळ आहे असं म्हणणाऱ्या काकांनी जरा थांबावं.

लाबानकडे परत येते, कारण वर्ग आखायचा तर त्याच्यापाशी जावंच लागतं. माणूस निर्मळ होता असं नाही. हिटलरच्या राजवटीत १९३६ पर्यंत तो सरकारी पदावर काम करत होता. ऑलिंपिकसाठी त्याने बसवलेला प्रचंड सामूहिक नाच गोबेल्सला पसंत पडला नाही, तेव्हा कुठे त्याचं बस्तान उठलं. इंग्लंडमध्ये मात्र त्याने शिक्षकांसाठी १९४८ साली 'मॉडर्न एज्युकेशनल डान्स' हे पुस्तक लिहिलं आणि त्यात एकही स्टेप नाही. त्याने विचारलं ते एवढंच: हालचालीत वजन किती, वेग किती, दिशा सरळ की भटकती, आणि ओघ मोकळा की आवरलेला? यांतल्या पहिल्या तीन गोष्टींच्या मिश्रणातून त्याने आठ मूळ क्रिया काढल्या: दाबणं, ठोसा देणं, पिळणं, फटकारणं, सरकणं, टिचकी मारणं, झटकणं, तरंगणं. युद्धाच्या काळात तो कारखान्यांतल्या कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करत होता, हे या यादीत दिसतं. आणि आपल्याला ती यादी परकी वाटायचं काहीच कारण नाही. कणीक तिंबताना आई दाबते, चादर पिळते, ओले हात झटकते. नाचाचं सगळं भांडवल स्वयंपाकघरात आणि मोरीत पडलेलं आहे!

हे वाचून मी भारावले आणि पहिल्याच शनिवारी तोंडावर आपटले. "आज स्टेप्स नाहीत. गाणं लावते, मनात येईल तसं नाचा," असं मी जाहीर केलं. काय झालं असेल? मुलगे धावत सुटले आणि एकमेकांवर आदळले. मुलींनी गेल्या वर्षीच्या गाण्याच्याच स्टेप्स काढल्या. दोघं भिंतीला टेकून बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. 'मनात येईल तसं' म्हटलं की मनात जे आधीच कोंबलेलं आहे तेच बाहेर येतं. इंग्लंडमध्येही हा अनुभव आलेला आहे. लाबानच्या शिष्यांच्या वर्गांत पुढे पुढे नुसत्या 'भावना व्यक्त करा' वर भर राहिला आणि सत्तरच्या दशकापर्यंत त्यावर बरीच टीका झाली. जॅकलिन स्मिथ-ऑटार्ड या बाईंनी मग एक मधली वाट मांडली. मुलाने शोधावंही आणि घडवावंही, त्याला मोकळीकही हवी आणि तंत्रही. १९९४ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं. मला ते लाबानपेक्षा जास्त पटतं, कारण ते बाईच्या कामचुकारपणाला जागा ठेवत नाही.

कारण खरी गोम इथे आहे. मोकळा वर्ग आखायला बसवलेल्या नाचापेक्षा दुप्पट तयारी लागते. स्टेप्स देणाऱ्या बाईला गाणं पाठ असलं की पुरे. प्रश्न देणाऱ्या बाईला तो प्रश्न आधी स्वतःच्या अंगावर करून पाहावा लागतो आणि तो पुरेसा अरुंद करावा लागतो. "झाड व्हा" हा वाईट प्रश्न आहे. प्रत्येक मूल हात वर करून डुलतं आणि संपलं. "जमिनीवर आडवे आहात. आठ मात्रांत उभं राहायचं, पण हातांनी जमिनीला आधार घ्यायचा नाही" हा चांगला प्रश्न आहे. आठ मात्रा मी ढोलकीवर देते. पहिल्यांदा सगळे पाचव्या मात्रेला उभे असतात आणि तीन मात्रा ओशाळून काढतात. मग म्हणायचं, आता सोळा मात्रा घ्या. आता चार. चारमध्ये उठताना एकाने गिरकी घेतली, कारण दुसरा मार्गच नव्हता. ती गिरकी त्याला मी दिलेली नव्हती. शिवाय एका तासाला एकच कल्पना. सिअॅटलच्या अ‍ॅन ग्रीन गिल्बर्ट यांच्या १९९२ च्या पुस्तकात हे फार व्यवस्थित आहे. आज फक्त वजन, पुढच्या वेळी फक्त वेग. मी पूर्वी एका तासात पाऊस, मोर आणि इंद्रधनुष्य उरकत असे.

"पण पाया शास्त्रीयच हवा," असं आपल्यातल्या एक-दोघी म्हणतील. हवाच. पुण्यात १९४७ साली नृत्यभारती काढणाऱ्या रोहिणीताई भाट्यांच्या परंपरेत वाढलेल्या मुलींना पाहिलं की त्या पायाचं मोल कळतं. मात्र कथकमध्येही 'उपज' हा शब्द आहेच. तालाच्या चौकटीत त्या क्षणी सुचलेलं करणं. समेवर यायचंच, पण कसं यायचं ते तुझं तू बघ. माझी तक्रार शास्त्रीय नाचाविरुद्ध नाहीच. वर्षाकाठी सहा शनिवार मिळणाऱ्या मुलांना आपण ना तो पाया देतो ना ती उपज, आणि वर त्याला संस्कृती म्हणतो, ही तक्रार आहे.

आता फुगडी. गेल्या वर्षी तिने माझी अब्रू राखली. हातांची कैची, चवड्याला चवडे आणि मागे झुकायचं. मुलांना आधी फिरू दिलं नाही, नुसतं झुकून थांबायला सांगितलं. दहा वर्षांची उंच मुलगी आणि सहा वर्षांचा काटकुळा मुलगा अशी जोडी होती. ती पूर्ण झुकली की तो ओढला जायचा. चौथ्या-पाचव्या खेपेला तिला आपोआप कळलं की आपण कमी झुकायचं आणि त्याने जास्त. वजनाचा हा हिशेब शाळेत त्यांना तराजूवर शिकवतील, इथे तो मनगटांत शिकला. मग प्रश्न: हात सोडून आणखी कुठे धरता येईल? कोपर, ओढणीची दोन टोकं, एकाने बसून दुसऱ्याने उभं राहून. बसफुगडी, दंडफुगडी आपल्या पणज्यांनी काढल्या त्या अशाच काढल्या असणार, मंगळागौरीच्या रात्री कंटाळा येऊ नये म्हणून. झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं, सगळ्यात हाच खेळ आहे: चौकट ठरलेली, आत काय ते तुमचं.

शेवटी अर्धी मुलं करतात, अर्धी बघतात. बघणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही, काय दिसलं ते सांगायचं. एकाने सांगितलं, "ती दोघं भांडतायत असं वाटलं, पण हात सोडत नव्हती." करणाऱ्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांनी ते तिथेच ठेवलं, जरा वाढवलं, आणि तेवढ्या चार फेऱ्या इतर जोड्यांनीही उचलल्या. पहिल्या शनिवारी भिंतीला टेकून बसलेल्या दोघांपैकी एक त्या जोडीत होता. दुसरा अजून भिंतीपाशीच असतो. तो ढोलकी वाजवतो, आणि माझ्यापेक्षा बरी.

अडचणी नाहीत असं नाही. असा नाच रंगमंचावर तितका झकास दिसत नाही. मध्येच कुणी थांबतं, कुणी हसतं, रांग सरळ नसते. मागच्या ओळीतल्या आजोबांना आपला नातू कुठला ते कळायला वेळ लागतो. पालकही विचारतात, "गाणं कुठलं आहे?" आणि गाणं नाही म्हटलं की चेहरे पडतात. यावर तोडगा म्हणून समितीला एवढंच सुचवलं आहे की या वर्षी दोन बसवलेले नाच राहू देत, तिसऱ्याच्या जागी सात मिनिटं मुलांनी स्वतः रचलेलं होऊ दे. ढोलकी प्रत्यक्ष वाजेल. समितीने होकार दिला आहे, जरा घाबरतच.

तर पालकांनो, या वेळी माझ्याकडून कपड्यांची यादी येणार नाही. घोट्यापर्यंतची सुती पँट, अनवाणी पाय आणि मुलींचे केस घट्ट बांधलेले, एवढंच. वर्ग शनिवारी दहाला सुरू होतो. कृपया घरी सराव करून घेऊ नका.