प्रकाशाचे अंगण आणि मंडईची फरशी : पुनर्वसनातील प्रक्षेपित भूमिखेळांची चिकित्सा

प्रास्ताविक

पुण्याच्या मध्यवस्तीतील महात्मा फुले मंडईत जाऊन भाजी घेऊन येणे हे धडधाकट माणसाच्या दृष्टीने फारसे कामही नव्हे. पक्षाघातातून उठलेल्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या अथवा कंपवाताने पाऊल अडखळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र ती एक कठीण परीक्षा असते. भाज्यांवर मारलेल्या पाण्याने ओली झालेली फरशी, पायाखाली येणारे कोथिंबिरीचे देठ आणि कोबीची पाने, ओझे घेऊन मागून येणारा हमाल, दर गाळ्यागणिक जड होत जाणारी हातातील पिशवी आणि या सगळ्यात चालू असलेली भावाची घासाघीस, असे या परीक्षेचे स्वरूप असते. उपचारकेंद्रातील कोरड्या, सपाट व रिकाम्या जागेत दहा मीटर चालून दाखवणारा रुग्ण मंडईच्या दाराशी येऊन परत फिरत असेल, तर त्याचे पुनर्वसन झाले असे म्हणता येईल काय, हा प्रश्न या विवेचनाच्या मुळाशी आहे.

गेल्या दोन दशकांत पुनर्वसन व आरोग्यसेवेच्या क्षेत्रात जमिनीवर प्रकाशचित्रे पाडून खेळवले जाणारे परस्परक्रियात्मक खेळ पुढे आले आहेत. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले; चिकित्सा त्या मानाने कमी झाली. प्रस्तुत लेखात या खेळांची रचना, त्यांमागील खेळाची कल्पना आणि त्यांची उपयुक्तता यांचा ऊहापोह केला असून, त्यासाठी मंडईची फरशी हाच निकष मानला आहे.

साधनाचे स्वरूप व पूर्वपीठिका

या साधनाची मांडणी सोपी आहे. छताजवळ बसवलेला प्रोजेक्टर जमिनीवर चित्र पाडतो. त्याच्याशेजारील कॅमेरा, बहुधा अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने, त्या चित्रावर होणारी हालचाल टिपतो. संगणक एका क्षणाच्या प्रतिमेची पुढील क्षणाच्या प्रतिमेशी तुलना करून हालचाल कोठे झाली हे ठरवतो आणि चित्र त्यानुसार बदलतो. पाऊल पडताच तळ्यातील मासे पांगतात, फुगा फुटतो, चेंडू घरंगळतो. रुग्णाच्या अंगावर काहीही बांधावे लागत नाही, हा या साधनाचा मोठा गुण होय.

त्याची वंशावळ मात्र रुग्णालयातली नाही. अमेरिकन कलावंत व संगणकतज्ज्ञ मायरन क्रूगर यांनी १९७०च्या दशकात माणसाच्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या दालनांचे प्रयोग केले. त्यांपैकी १९७१च्या ‘सायकिक स्पेस’ या प्रयोगात जमीनच संवेदनक्षम होती. पावलाचा दाब तिला कळत असे. पुढे ‘व्हिडिओप्लेस’मध्ये त्यांनी कॅमेऱ्याने टिपलेल्या देहाकृतीला महत्त्व दिले. जपानी कोनामी कंपनीचा पावलांनी खेळावयाचा नृत्यखेळ १९९८ साली आला, निन्तेन्दोची समतोल-फळी २००७ साली, तर मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट कॅमेरा २०१० साली. दरम्यान अमेरिकेतील मॉलमध्ये जाहिरातीसाठी प्रक्षेपित फरश्या वापरल्या गेल्या. नेदरलँड्समध्ये हेस्टर ले रिश यांच्या डेल्फ्ट येथील संशोधनातून स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी ‘टोव्हरटाफेल’ हे प्रक्षेपित खेळांचे साधन साकारले. शांत बसून राहणाऱ्या वृद्धाने हात पुढे करावा, शेजारच्याकडे पाहावे, एवढीच त्याची माफक पण खरी अपेक्षा होती.

या क्रमात एक बदल सहज नजरेतून सुटतो. दाब ओळखणारी जमीन, नृत्यखेळाची चटई आणि समतोल-फळी यांना पावलाचा भार कळत होता. छतावरील कॅमेऱ्याला तो कळत नाही. चित्र देखणे झाले, तसे वजन हरवले.

खेळांचे सामर्थ्य

या खेळांचे तीन गुण मान्य करावयास हवेत. पहिला गुण आवृत्तीचा. मेंदूला इजा झाल्यावर हालचाल पुन्हा शिकण्यासाठी तीच क्रिया शेकडो वेळा करावी लागते आणि कंटाळा हा तिथला मोठा शत्रू असतो. ‘आणखी वीस पावले टाका’ या आज्ञेपेक्षा आणखी वीस फुगे फोडण्याचे आमंत्रण अधिक काळ टिकते.

दुसरा गुण दृश्य लक्ष्याचा. कंपवाताच्या रुग्णापुढे जमिनीवर आडव्या रेषा आखल्या की त्याचे आखडलेले पाऊल मोकळे होते, हे निरीक्षण जे. पी. मार्टिन यांनी १९६७ साली ग्रंथबद्ध केले आणि पुढील संशोधनाने त्यास दुजोरा दिला. प्रक्षेपक अशा रेषा क्षणात आखतो आणि रुग्णाच्या प्रगतीनुसार त्यांतील अंतरही बदलतो. खडूला हे तितक्या सहज साधत नाही.

तिसरा गुण सहवासाचा. पडद्यासमोरचा खेळ बहुधा एकट्याचा असतो, तर जमिनीभोवती चारजण उभे राहू शकतात आणि चाकाच्या खुर्चीतील मूलही चाक फिरवून खेळात उतरू शकते.

तथापि या गुणांचे मोल किती हे पुराव्यानेच ठरले पाहिजे. पक्षाघातोत्तर पुनर्वसनातील आभासी वास्तव व परस्परक्रियात्मक खेळ यांविषयी कॉक्रेन संस्थेच्या २०१७च्या पुनरावलोकनात ७२ चाचण्या व २,४७० रुग्ण यांचा विचार झाला. नेहमीच्या उपचाराच्या जागी असे खेळ दिले असता हाताच्या कार्यक्षमतेत लक्षणीय जादा लाभ आढळला नाही. नेहमीच्या उपचारात त्यांची भर घालून सरावाचा एकूण काळ वाढवला, तेव्हा लाभ दिसला. चालण्याच्या वेगाबाबत ठळक फरक दिसून आला नाही. त्यातील बहुतेक खेळ पडद्यावरील होते. परंतु त्यातून निघणारा बोध भूमिखेळांनाही लागू पडतो. भर म्हणून खेळ उपयोगी आहेत, पर्याय म्हणून त्यांचे श्रेष्ठत्व सिद्ध झालेले नाही.

खेळाला काय दिसते ?

कोणत्याही खेळाची परीक्षा तो कशाला शाबासकी देतो यावरून करावी. डावी बाजू लुळी पडलेला रुग्ण काठीच्या आधाराने प्रकाशाच्या तळ्यात उभा आहे असे मानू. त्याने डाव्या पायावर भार घ्यावयास शिकणे हे उपचाराचे उद्दिष्ट आहे. तो मात्र शरीराचा सारा भार काठीवर व उजव्या पायावर ठेवून डावे पाऊल माशांवरून नुसते फिरवतो. मासे पांगतात, गुण वाढतात, सुरेल ध्वनी होतो. कॅमेऱ्याला हालचाल दिसली. भार पेलला गेला की नाही, हे त्याला दिसण्याचे कारणच नाही. डावे पाऊल कोणते व उजवे कोणते, हेही साध्या रचनेला कळत नाही. अशा रीतीने खेळ रुग्णाला नेमकी ती पळवाट शिकवतो, जी बंद करण्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ झटत असतो.

ही तंत्रज्ञानाची अटळ मर्यादा मात्र नव्हे. नेदरलँड्समध्ये विकसित झालेल्या सी-मिल या चालपट्ट्यावर पावलांसाठी लक्ष्ये व अडथळे प्रक्षेपित केले जातात आणि पट्ट्याखालील यंत्रणा भारही मोजते. म्हणजे चित्र आणि वजन यांचा मेळ घालता येतो. तो घातला नसेल, तर त्या साधनाला उपचाराचे साधन म्हणण्यापूर्वी विचार करावा लागेल.

दुसरा आक्षेप प्रत्याभरणाचा आहे. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असलेला हा मुद्दा हालचालींच्या शिक्षणातही तितकाच खरा आहे. सॅल्मोनी, श्मिट व वॉल्टर यांनी १९८४ साली दाखवून दिले की, प्रत्येक प्रयत्नानंतर मिळणारे प्रत्याभरण सरावाच्या वेळी कामगिरी सुधारते. परंतु शिकणारा त्यावर विसंबला, तर ते काढून घेतल्यावर शिकलेले टिकत नाही. प्रक्षेपित खेळात दर पावलाला प्रकाश व ध्वनी उत्तर देतात. मंडईची फरशी असे काही करीत नाही. तिथे पाऊल नीट पडले याची पावती मिळत नाही; चुकले तरच ते कळते.

तिसरा आक्षेप चित्रांसंबंधी आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला जमिनीवरील गडद डाग खड्ड्यासारखा भासू शकतो. आतील कानाच्या विकाराने तोल जाणाऱ्याला वाहत्या पाण्याचे चित्र घेरी आणू शकते. आकर्षक चित्र हेच योग्य चित्र, हे गृहीतक जाहिरातीच्या व्यवसायातून आलेले आहे.

खेळ की कवायत ?

योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाचे मुख्य लक्षण स्वेच्छा हे मानले. सक्तीने खेळलेला खेळ हा खेळ राहत नाही. पुनर्वसनातील खेळ मुळातच लिहून दिलेला असतो. दिवसातून किती मिनिटे खेळावयाचे हेही ठरलेले असते. तेव्हा त्यात स्वेच्छा कोठून यावी ? निवडीचा वाव ठेवला, तरच ती येऊ शकते. साठी उलटलेल्या, आयुष्यभर संसार चालवलेल्या बाईंपुढे फुगे फोडण्याचा खेळ मांडणे म्हणजे त्यांना लहान मूल समजणे होय. ही अवहेलना बोलून दाखवली जात नाही. पण ती जाणवते.

येथे मराठी अंगणातील खेळांचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. टिक्करबिल्ल्यात एका पायावर तोल, नेमकी उडी आणि वाकून ठिकरी उचलणे हे सारे आहे. लंगडीत एका पायावरील सहनशक्ती आहे, झिम्म्यात ताल व वळणे आहेत. हे खेळ जसेच्या तसे रुग्णाला देता येणार नाहीत हे उघड आहे. लंगडी घालावयास सांगणे अनेकांच्या बाबतीत धोक्याचेच ठरेल. परंतु त्यांची रचना प्रक्षेपकावर आणता येईल : घरांचा आकार वाढवावा, उडीऐवजी पाऊल ठेवावे, ठिकरीऐवजी प्रकाशाचा ठिपका वापरावा. अशा खेळात भार घेतल्याविना पुढे सरकताच येत नाही आणि खेळाडूला त्याचे नियम ठाऊक असतात. त्यात आठवण आहे, म्हणून आवडही आहे.

मंडईची फरशी

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या कार्यक्षमता व अपंगत्वविषयक वर्गीकरणात शरीराचे कार्य, कृती आणि जीवनातील सहभाग हे तीन स्तर वेगळे केले आहेत. गुडघा किती अंश वाकतो हा पहिला स्तर, चालता येते काय हा दुसरा आणि भाजी आणता येते काय हा तिसरा. प्रक्षेपित खेळांचे गुणांकन बहुधा पहिल्या दोन स्तरांवरच थांबते.

तिसऱ्या स्तराची अडचण वेगळीच आहे. लुंडिन-ओल्सन व सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले की, चालताना बोलू लागताच जे वृद्ध थांबतात, त्यांच्यात पुढील काळात पडण्याचे प्रमाण अधिक आढळते. चालणे आणि बोलणे यांची एकाच वेळी सांगड घालणे ही स्वतंत्र क्षमता आहे. मंडईत वांग्यांचा भाव विचारताना, पैसे मोजताना, पिशवी या हातातून त्या हातात घेताना चालत राहावे लागते. सप्टेंबर २०२४मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून मंडईस येणाऱ्याच्या वाटेवर सरकता जिनाही आला आहे. तिथे पाऊल नेमक्या क्षणी टाकावे लागते आणि चूक झाल्यास खेळ पुन्हा आरंभापासून सुरू करता येत नाही.

यावरून भूमिखेळांच्या रचनेची दिशा स्पष्ट होते. पायाशी लक्ष्य असताना हातात वजन असावे. पाऊल टाकताना बेरीज करावी लागावी. आडवी येणारी आकृती कधी येईल हे ठाऊक नसावे. प्रकाश हळूहळू मंद होत जावा आणि शेवटी विझावा. तो विझल्यावरही पाऊल नीट पडते काय, ते पाहावे. आणि शेवटचा पाठ उपचारतज्ज्ञाबरोबर प्रत्यक्ष मंडईत, प्रथम दुपारच्या निवांत वेळी व नंतर सायंकाळच्या गर्दीत व्हावा.

साधन, माणूस आणि खर्च

मंडईच्या वास्तूचा इतिहास या प्रश्नाची आणखी एक बाजू दाखवतो. शनिवारवाड्यापुढील मोकळ्या जागेत भरणाऱ्या भाजीबाजारासाठी नगरपालिकेने भव्य दगडी इमारत उभारली. १८८६ साली ती पूर्ण झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी या खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा असे त्यांचे मत होते. पुढे त्याच वास्तूला त्यांचे नाव देण्यात आले. इमारत निरुपयोगी ठरली नाही, हे खरेच. पण सार्वजनिक पैशाची पहिली गरज कोणती, हा फुले यांचा प्रश्नही त्यामुळे निकालात निघत नाही.

पुनर्वसनातही तोच प्रश्न आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ साली भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, ते पोलिओच्या छायेत. त्या शिक्षणाचा गाभा प्रशिक्षित हात हाच होता. समाजात राहणाऱ्या वृद्धांवरील चाचण्यांचे कॉक्रेन पुनरावलोकन (२०१९) सांगते की, व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. यासाठी भिंत, खुर्ची, खडूची रेघ आणि जाणकार माणूस पुरेसा असतो. ज्या संस्थेत उपचारतज्ज्ञांची संख्या अपुरी आहे, तिने प्रथम प्रक्षेपक घेणे म्हणजे शिक्षकाविना फळा विकत घेणे होय. उलट, जिथे तज्ज्ञ आहेत पण सरावाचे तास कमी पडतात, तिथे हेच साधन त्यांच्या कामाला जोड देऊ शकते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्रक्षेपित भूमिखेळ हे सरावाची मात्रा वाढवणारे, दृश्य लक्ष्य देणारे व सहवास घडवणारे उपयुक्त पूरक साधन आहे. मात्र त्याने हालचालीबरोबर भारही जाणला पाहिजे, प्रत्याभरण क्रमाने कमी केले पाहिजे, खेळाडूच्या वयाचा व संस्काराचा मान राखला पाहिजे आणि यशाचे मोजमाप प्रकाशाच्या चौकोनाबाहेर केले पाहिजे. यातील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. रुग्णाने किती फुगे फोडले याची नोंद संगणक ठेवतोच. तो पिशवी भरून, तोल सांभाळून, कोणाचा हात न धरता मंडईतून घरी आला काय, याची नोंद माणसालाच ठेवावी लागेल.